हालिनाबाईंचं अवघड इंग्रजी

हालिनाबाईंना "कशा आहात?" असं विचारायची सोय नव्हती. त्या खरं सांगायच्या. सिंगापुरात लिफ्टमध्ये कुणी हाउ आर यू म्हटलं की फाइन म्हणून मोकळं व्हायचं, एवढं आम्ही सगळे पहिल्या आठवड्यातच शिकतो. हालिनाबाई चोआ चू कांगमध्ये वीसेक वर्षं राहूनही ते शिकल्या नव्हत्या. "वाईट," म्हणायच्या. "गुडघा दुखतो. झोप नाही. तुम्ही बसा, चहा करते." त्यांच्या पोलंडात तशीच पद्धत आहे म्हणे. विचारलंत ना, मग आता ऐका.

माझी त्यांची ओळख त्यांच्या नवऱ्यामुळे झाली. यानुशसाहेब तुआसच्या गोदीत जहाजांचे सर्व्हेअर होते आणि मी पुण्याहून आलो तेव्हा त्यांच्याच हाताखाली लागलो. ऑफिसात सगळे त्यांना नुसतं यानुश म्हणत, पण मराठीत मला ते अजून जमत नाही. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या टाक्यांमध्ये उतरायचं, हातोडीने पत्रा ठोकून बघायचा, गंज कुठे, चीर कुठे, रंग कुठे सुटलाय ते पाहायचं आणि वर येऊन रिपोर्ट लिहायचा, हे आमचं काम. यानुशसाहेबांच्या रिपोर्टात 'वाईट' हा शब्द कधी आला नाही. जहाज अगदी मोडकळीला आलेलं असलं तरी ते 'अनसॅटिसफॅक्टरी' असायचं. इंजिनियरिंगची पदवी मी घेऊन आलो होतो, पण इंग्रजी लिहायला त्यांनी शिकवलं.

त्यांच्या घरी गेलं की दारातच एक टोपली असे. तिच्यात पाहुण्यांसाठी लोकरीच्या सपाता. आपल्या चपला बाहेर काढायच्या हे मला कळत होतं. पण सिंगापूरच्या घामट हवेत दुसऱ्याच्या लोकरीच्या सपाता घालून बसायचं म्हणजे शिक्षाच. अनवाणी आत जायला निघालं की हालिनाबाई वाटेत उभ्या राहायच्या. खिडकीत काकड्यांची बरणी, मिठाच्या पाण्यात शेपूच्या काड्यांसकट बुडवलेली. आमच्या घरात शेपू म्हटलं की निम्मे लोक ताटावरून उठतात, आणि इथे शेपूशिवाय काही शिजतच नसे. मला त्या 'पान शिरीष' म्हणायच्या. पोलिशमधलं पान म्हणजे आपलं राव. मग मीही त्यांना 'पानी हालिना' म्हणू लागलो. घरी मात्र आमच्या बोलण्यात त्या हालिनाबाईच होत्या.

मूलबाळ नव्हतं. दोघं घरात पोलिश बोलायची, पोलिश वाचायची, पोलिशमध्ये भांडायची. हालिनाबाईंचं इंग्रजी होतं बाजारापुरतं. कॅन, कॅनॉट, हाउ मच. वीस वर्षं त्यांचं एवढ्यावर उत्तम चाललं होतं.

मग यानुशसाहेबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. नोव्हेनाला हॉस्पिटलात बरेच दिवस काढल्यावर बोलणं परत आलं, पण ते इंग्रजीत आलं. पोलिश आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. मागून शिकलेली भाषा राहते आणि आईची जाते. का, ते नक्की सांगता येत नाही. परत येईल का, तेही सांगता येत नाही. हालिनाबाई पोलिशमध्ये बोलल्या की शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीपलीकडून ऐकू यावा तसे ते ऐकत, कपाळाला आठ्या घालत आणि थोड्या वेळाने चिडून तोंड फिरवत. जी भाषा येतेय तिच्यातच बोला, दोन भाषांचा गोंधळ करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

आणि इंग्रजी तरी कुठलं उरलं होतं? उभा जन्म त्यांनी ती भाषा जहाजावर आणि रिपोर्टात वापरलेली. घरात, बाजारात, मित्रांत कधी नाही. तेव्हा उरलं ते रिपोर्टाचं इंग्रजी.

जानेवारीत हालिनाबाईंचा फोन आला. "पान शिरीष, माझा नवरा बोलतो आणि मला कळत नाही. तुम्ही या."

मी शनिवारी गेलो. यानुशसाहेब खिडकीशी व्हीलचेअरवर. हालिनाबाईंनी सूप आणलं, चमच्याने भरवलं. त्यांनी गिळलं, विचार केला आणि म्हणाले, "टेंपरेचर सॅटिसफॅक्टरी." मग त्यांनी बायकोकडे बघितलं. बराच वेळ, वरपासून खालपर्यंत, टाकीत उतरल्यावर बघायचे तसं. म्हणाले, "कंडिशन फेअर. वेअर कन्सिस्टंट विथ एज."

हालिनाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणतायत की तुम्ही छान दिसताय," मी म्हणालो.

"नाही. एवढे शब्द नव्हते त्यात. नेमकं सांगा."

सांगितलं. अवस्था बरी आहे. झीज झाली आहे, पण वयाच्या मानाने ठीक. हालिनाबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर काही हलायचंच नाही. राग नाही, रडं नाही. भांडी घासून पालथी घालावीत तसा चेहरा. "बरोबर आहे त्याचं," म्हणाल्या आणि चहा करायला गेल्या.

चहा पिताना त्यांना काय हवंय ते त्यांनी मला बाजारच्या इंग्रजीत आणि हातवारे करत सांगितलं. पोलंडात नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. त्याआधी प्रत्येकाच्या हातात एक पांढरा, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. तुम्ही माझ्यातला तुकडा मोडायचा, मी तुमच्यातला, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून येत्या वर्षासाठी काय मागायचं ते बोलायचं. आपण तिळगूळ देतो, पण आपलं वाक्य ठरलेलं असतं. यांच्यात ठरलेलं वाक्य चालत नाही. त्या माणसाला, त्या वर्षी, जे सांगायचं तेच सांगायचं. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं. तो जहाजावर असला तर फोनवरून. या नाताळात तो समोर बसला होता, हालिनाबाई बोलल्या आणि त्याने तोंड फिरवलं.

"डिसेंबरपर्यंत मला बोलता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्याला कळेल असं. हॅप्पी ख्रिसमस नको. मला त्याचे शब्द द्या."

असे आमचे शनिवार सुरू झाले. वहीबिही काही नव्हती. लिहून ठेवलं की डोकं सुट्टी घेतं, असं त्यांचं मत. बटाटे सोलता सोलता शब्द विचारायचा, तोंडात घोळवायचा आणि लगेच घरातल्या कशाला तरी लावून बघायचा. मला वाटलं होतं जड शब्दांत त्या अडकतील. उलटंच झालं. मी म्हणालो कोरोझन, त्या म्हणाल्या, "कोरोझ्या. आमच्यात आहे." मी म्हणालो डिफॉर्मेशन. "देफोर्मात्स्या. आमच्यात आहे." इन्स्पेक्शन, टॉलरन्स, रेकमेंडेशन, सगळं लॅटिनातून आलेलं, सगळं त्यांच्यात होतं. बटाट्याची साल काढावी तसा एकेक शब्द सोलून त्या बाजूला ठेवायच्या, चेहरा तसाच. अडायचं ते बारक्या शब्दांपाशी. रस्ट, डेंट, लीक, लूज. आणि 'अ' कुठे लावायचा, 'द' कुठे, ते तर शेवटपर्यंत आलं नाही. आपलंही तसंच की. हिंदी बातम्यांतला 'प्रस्ताव' आणि 'निर्णय' आपल्याला बसल्या जागी कळतं आणि रिक्षावाल्याशी बोलताना त्रेधा उडते. तर हालिनाबाई आता प्रोफेसरसारखं बोलू लागल्या होत्या आणि तरी त्यांना नळ गळतोय हे सांगता येत नव्हतं. "नळाची अखंडता शंकास्पद आहे," असं त्यांनी प्लंबरला फोनवर सांगितलं. तो आला नाही.

नोव्हेनाला वाचा सुधारणारी एक तरुण मुलगी होती. फार गोड, फार हळू बोलणारी. तिच्याकडे चित्रांचे पत्ते असत. मांजर, कप, किल्ली. एकदा मी त्यांना सोडायला गेलो होतो तेव्हा आत बसलो. तिने कपाचं चित्र दाखवलं. यानुशसाहेबांना 'कप' म्हणता येईना. ओठ हलले, घाम आला. तिने हालिनाबाईंना समजावलं, "आंटी, घरी छोटी वाक्यं बोला हं. सोपे शब्द. अवघड नको."

हालिनाबाई उठून उभ्या राहिल्या. "माझा नवरा मूल नाही," म्हणाल्या. "तो कप म्हणत नाही, ठीक आहे. कप मला दिसतो. मला त्याच्याशी कपाबद्दल बोलायचं नाही." मग त्यांनी पत्ता यानुशसाहेबांपुढे धरला आणि विचारलं, "यानुश, युअर ऑब्झर्व्हेशन?"

यानुशसाहेबांनी चित्र नीट बघितलं. "हँडल," म्हणाले, "इनॅडिक्वेट."

खरंच, कुणी काढलं होतं कोण जाणे, कान फारच बारका होता. ती मुलगी हसली आणि मग तिने डोळे पुसले. हालिनाबाईंनी पत्ता परत दिला आणि पर्स उचलली.

घरात त्यांनी पोलिश बंदच केलं. बहिणीचा फोन आला की फोन घेऊन लिफ्टने खाली जायच्या, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकमध्ये फेऱ्या मारत बोलायच्या आणि बोलून झालं की वर यायच्या. पाऊस असला तरी. बाहेर ठेवायच्या चपलांसारखी ती भाषा त्या खाली ठेवून यायच्या. मी एकदा म्हणालो, शेजारच्या खोलीत बोललात तर काय बिघडतं? "त्याला ऐकू येईल," म्हणाल्या. "ऐकू येईल आणि कळणार नाही. मी ते बघणार नाही."

घराबाहेर मात्र शब्दांची तालीम राजरोस चाले. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, चिकन राइसवाले एक अंकल आहेत, त्यांच्याकडे आम्ही सगळेच जातो. एका शनिवारी हालिनाबाईंनी एक घास घेतला आणि टेबलावरूनच सांगितलं, "अंकल, टुडे राइस इज सबस्टँडर्ड. इट वॉज सुपीरियर ऑन ट्यूजडे." अंकलच्या हातातला सुरा थांबला. मागे रांग होती. मी घाईघाईने मध्ये पडलो, अंकल, शी लर्निंग इंग्लिश, डोन्ट माइंड.

"लर्निंग?" अंकल म्हणाले. "आंटी टॉक लाइक गव्हर्नमेंट लेटर, लर्निंग व्हॉट सम मोअर!" आणि त्यांनी खरोखरच झाकण उघडून भात बोटाने दाबून बघितला. पाणी कमी पडलं होतं. त्यानंतर हालिनाबाई दिसल्या की ते लांबूनच ओरडायचे, "आंटी! टुडे पास ऑर नॉट?" हालिनाबाई घास चावून, गिळून मगच निकाल द्यायच्या. हसायच्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पावसाळी हवेत, नोव्हेंबरच्या सुमारास, यानुशसाहेबांनी गोळ्या घ्यायचं सोडलं. तोंडच उघडेनात. हालिनाबाईंनी मला विचारलं, "भांडायला काय म्हणतात?" मी विचार केला. आमच्या रिपोर्टात भांडण नसतं. तिथे फार फार तर नाराजी असते, तीही सभ्य. "अनअ‍ॅक्सेप्टेबल," मी म्हणालो. "याच्या वर काही नाही."

"आमच्यात आहे," म्हणाल्या, आणि गोळ्यांची वाटी घेऊन आत गेल्या. आतून आवाज आला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "यानुश! धिस इज अनअ‍ॅक्सेप्टेबल! रिपीटेडली अनअ‍ॅक्सेप्टेबल!"

मग यानुशसाहेबांचा जाड, अडखळता आवाज. "नोटेड."

गोळी गेली. हालिनाबाई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि रिकाम्या वाटीकडे बघत म्हणाल्या, "वर्षभरानंतर भांडलो आम्ही." त्यांना बरं वाटलं होतं. तसं त्या म्हणाल्यासुद्धा, "मला बरं वाटलं," पण आवाज तोच, उद्या कचरा न्यायला येणार आहेत असं सांगावं तसा.

डिसेंबरात आम्हाला बोलावणं आलं. मी, माझी बायको मुग्धा आणि आमची ईरा. टेबलावर पांढरी चादर, बीटचं सूप, मासा, आणि एक ताट जास्तीचं, कुणी न बोलावता आलं तर असावं म्हणून. ईराला चांदणी बघायला कॉरिडॉरमध्ये पाठवलं. समोर ब्लॉक, वर ढग. ती परत येऊन म्हणाली, "आंटी, नो स्टार, बट गॉट एरोप्लेन. कॅन?"

हालिनाबाईंनी क्षणभर विचार केला. "अ‍ॅक्सेप्टेबल," म्हणाल्या.

बहिणीने पाठवलेले पापुद्रे त्यांनी वाटले. यानुशसाहेबांच्या डाव्या हातात एक दिला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. त्या काय बोलणार ते मला माहीत नव्हतं. शब्द माझ्याकडून घेतले होते, वाक्य मला दाखवलं नव्हतं. त्या अडखळत, सगळे 'अ' आणि 'द' गाळत बोलल्या. मी ते मराठीत सांगतो.

"यानुश. येत्या वर्षात तुझी अवस्था स्थिर राहो. डाव्या हाताची ताकद टिकून राहो. उजव्याची मी अपेक्षा ठेवत नाही. देखभाल माझ्याकडून नियमित होईल. माझं एक निरीक्षण आहे. तू मला आपल्या भाषेत एकटीला सोडून गेलास. याची नोंद व्हावी. दुरुस्तीची मागणी नाही."

मुग्धाने माझा हात धरला. यानुशसाहेब हालिनाबाईंकडे बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही. डाव्या हाताने त्यांनी हालिनाबाईंच्या पापुद्र्याचा कोपरा मोडला, तो हातातून पडला, त्यांनी पुन्हा मोडला. मग म्हणाले, "अ‍ॅक्सेप्टेड." आणि बऱ्याच वेळाने, एकेक शब्द सुटा करून, "फिट. टु. प्रोसीड."

जहाजाची सगळी तपासणी झाली, पुढच्या सफरीला निघायला हरकत नसली, की आम्ही रिपोर्टाच्या शेवटी हे लिहितो. हे मी हालिनाबाईंना कधी शिकवलं नव्हतं. अर्थ सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तुकडा तोंडात टाकला, नवऱ्याच्या मांडीवरचे कण झाडले आणि सूप वाढायला उठल्या.

चिनी नवं वर्ष होऊन गेल्यावर एका सकाळी यानुशसाहेबांना दुसरा झटका आला आणि ते गेले. मी तुआसला होतो. हालिनाबाई फोनवर म्हणाल्या, "यानुश इज डेड. यू कम." इतके लहान शब्द मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकले नव्हते. मी लॅपटॉप बंद केला, स्टेशनवर आलो, जुरॉन्ग ईस्टला गाडी बदलली. वाईट वाटत होतं असं मी लिहीन तर ते खोटं होईल. काहीच वाटत नव्हतं. समोरच्या बाईच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती, ती मी चोआ चू कांगपर्यंत बघत राहिलो.

शव वॉइड डेकमध्ये ठेवलं होतं. पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेंगदाण्यांच्या बशा. तुआसची माणसं आली, शेजारी आले, चिकन राइसवाले अंकल दुकान बंद करून आले. हालिनाबाई काळ्या झग्यात उभ्या होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "आय अ‍ॅप्रिशिएट युअर अटेंडन्स." कुणीतरी विचारलंच, आंटी, हाउ आर यू. "डिटेरिओरेटिंग," त्या म्हणाल्या. "प्लीज सिट." आमच्या ऑफिसातला एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "हिचं इंग्रजी एवढं कधी सुधारलं?" मी शेंगदाण्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दहनासाठी मंडाईला न्यायची गाडी आली. व्यवस्था बघणारे गृहस्थ, पांढरा शर्ट घातलेले वयस्क चिनी, हळूच म्हणाले, "मॅडम, वी क्लोज नाउ." हालिनाबाईंनी हात वर केला. एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, शवपेटीच्या डोक्याशी ठेवली, बसल्या. पुढे वाकल्या आणि पोलिशमध्ये बोलायला लागल्या.

वरच्या आवाजात नाही. संध्याकाळी नवरा घरी आल्यावर दिवसभरात काय काय झालं ते सांगावं, तशा. मला एक अक्षर कळत नव्हतं. मधूनच 'नोव्हेना' ऐकू आलं, मधूनच 'डॉक्टर', एकदा 'पान शिरीष'. हात हलत होते, भुवया वर जात होत्या, एकदा त्या चक्क हसल्या. तो सगळा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. मुग्धा रडत होती. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी नुसता उभा होतो.

ते गृहस्थ माझ्याजवळ आले. "ब्रदर, हाउ लाँग? मंडाई गॉट टाइम स्लॉट, यू नो."

"डोन्ट नो, अंकल."

"व्हॉट शी सेइंग?"

"डोन्ट नो. देअर ओन लँग्वेज."

त्यांनी तिकडे बघितलं. मग गाडीपाशी जाऊन ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. हालिनाबाई बोलत होत्या. बोलता बोलता थांबायच्या, मान जराशी कलती करून ऐकायच्या, आणि यानुशसाहेबांचं बोलून झालं की पुन्हा सुरू करायच्या.